विरूपाक्ष मिस्त्रीचा कान

उदगीरच्या विरूपाक्ष मिस्त्रीच्या कानाची ख्याती पार निलंग्यापर्यंत होती. बॉनेट न उघडता तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. पण आज गुरुबसप्पांचा जुना पेट्रोल ट्रक दारात उभा होता, आणि मिस्त्रीचा पाय एका जागी ठरत नव्हता.

ट्रक रेस खात होता. ॲक्सिलेटरवरचा पाय काढला तरी इंजिन भणभणतच राही. सांजच्याला याच ट्रकावर पालखी चढणार, पुढं अनवाणी बायाबापड्या चालणार. गाडी मुंगीच्या पावलानं गेली पाहिजे. उधळली तर कुणाच्या तरी अंगावर जाणार.

"जमंल न्हवं मिस्त्री? का दुसरीकडं न्यावं?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"न्या की! घोड्याला कोंबडीचा डाक्टर दाखवा."

बोलला खरा, पण दुखणं सापडत नव्हतं. इंजिनाचा वेग उतरवायचा स्लोचा स्क्रू पुरा मागं घेतला, फरक नाही. चोक उघडा होता, ॲक्सिलेटरची तार कुठं अडकली नव्हती. म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा आत शिरत होती. मिस्त्री वाकून कान लावी, उठे, ट्रकाला फेरा मारी, पुन्हा वाके. धडधड लख्ख ऐकू येई; त्यापलीकडं काही नाही. वर्षभर असंच होतं. चिमण्या मुक्या झाल्या होत्या, कुकरची शिट्टी लांब गेली होती. हे त्यानं घरातसुद्धा कुणाला कळू दिलं नव्हतं.

सून मंजुषा चहा घेऊन आली आणि थबकली.

"मामा, हे काय फुसफुसून राहिलंय?"

"कुठं?"

"अवं, एवढं मोठ्यानं! हितं." तिनं कार्बोरेटरच्या बुडाकडं बोट केलं.

मिस्त्रीनं तिथं ऑइलचे थेंब सोडले. तेल आत ओढलं गेलं, इंजिन क्षणभर शांत बसलं. खालचं पॅकिंग चिरलं होतं.

"सुनेचा कान तिखट निघाला की!" गुरुबसप्पा हसले.

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. नवं पॅकिंग कापून बसवलं, गाडी चालू करून स्लो लावला. इंजिनाची रेस उतरली, पण पुरती नाही. 'एवढं चालतंय' म्हणून बॉनेट पाडता आलं असतं. त्याचा हात बॉनेटवर गेलाही. मंजुषा कप उचलून निघाली होती.

"थांब पोरी." गुरुबसप्पांच्या देखतच तो म्हणाला, "मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई. आजून कुठं हाय का, बघ."

तिनं पदर सावरला, वाकली.

"हाव मामा. डाव्या अंगाला, जरासं."

त्यानं डावीकडचा नट आवळला.

"आता?"