लिस्टमध्ये मी खाली होतो

दार ठोठावलं आणि माझ्या 'कौन?'ची वाट न बघता उघडलंही. लाल टोपी, गळ्यात ओळखपत्र, हातात यादी. जहाजावरचा कर्मचारी. मी पलंगावर बसलेलो. मांडीवर डबा, तोंडात दराबा. आमच्या बुऱ्हाणपूरचं हे तुपातलं गोड असं आहे की तोंडात असेपर्यंत माणसाला बोलता येत नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं. यादीकडं बघितलं. पलंगाला टेकवलेल्या कुबड्यांकडं बघितलं. पुन्हा यादीकडं.

"सर, लिस्ट में तो आप नीचे हो."

मी घास गिळला. "नहीं भाई. मैं तो यहीं हूँ."

"आपका कार्ड स्कॅन हो गया है, सर. आप नीचे हो." तो चिडला नव्हता. मलाच समजत नाहीये असा त्याचा चेहरा होता. मग त्यानं दाराच्या बाहेरच्या मुठीला एक पिवळी पट्टी अडकवली.

"ये क्या है?"

"केबिन चेक हो गया, अंदर कोई नहीं है, उसका निशान. अब दुबारा कोई नहीं आएगा. एन्जॉय, सर."

दार लागलं. बाहेर पट्टी: आत कोणी नाही. आत मी, आणि अर्धा डबा दराबा.

आता पहिल्यापासून सांगतो. मी ठिबकच्या नळ्यांचा डीलर. तापीकाठच्या केळीला पाणी माझ्या दुकानातल्या नळ्यांतून जातं. निदान मी तरी घरी तसं सांगतो. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय तिथंच थांबला आणि बाकीचा मी वाढत गेलो. जरा जास्तच वाढलो. पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत कुबड्या. गेल्या वर्षी माल चांगला खपला म्हणून कंपनीनं आमच्या भागातल्या सगळ्या डीलरांना बायकांसह मुंबईहून जहाजावर नेलं. तीन दिवसांची सहल. समुद्र मी तोवर कॅलेंडरावरच बघितलेला. सुनंदानं, म्हणजे आमच्या हिनं, दोन बॅगा भरून फराळ घेतला, जणू जहाजावर चूल पेटतच नसेल.

जहाज धक्क्यावरून सुटायच्या आधी कवायत असते. भोंगा वाजतो, सात आखूड, एक लांब. तो वाजला की सगळ्यांनी जिन्यानं चौथ्या मजल्यावर उतरायचं, कारण खरं संकट आलं तर लिफ्ट बंद होते, म्हणून कवायतीतही ती बंदच ठेवतात. तिथं आपापल्या नेमलेल्या जागी उभं राहायचं, केबिनचं कार्ड दाखवायचं. बोटी कुठं, जायचं कसं ते सांगतात. सगळी कार्डं लागली की मगच जहाज हलतं.

आमची केबिन नवव्या मजल्यावर.

भोंग्याच्या आधी कंपनीचे एरिया मॅनेजर आले. इंदूरचे. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणतो, वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असले तरी. म्हणाले, "शेठ, पाच मजले उतरायचेत. तुम्ही कुठं तकलीफ घेता? कार्ड द्या इकडं. मी दाखवून टाकतो."

मी दिलं. नुसतं दिलं नाही, हात जोडून दिलं. वर म्हणालो, "साहेब, तुमच्यासारखा माणूस नाही."

हे वाक्य माझं आहे. कोणी बळंच वदवून घेतलं नाही. आज लिहितानाही कान गरम होतात.

सुनंदानं माझ्याकडं एकदा बघितलं, चप्पल बदलली आणि बाकीच्या बायकांबरोबर खाली गेली.

मी असा का वागलो? सवय. मी शाळेत होतो तेव्हा सरकारनं नुकतंच ठरवलं होतं की अपंग पोरांना वेगळं ठेवायचं नाही, सगळ्यांसोबत साध्या शाळेत बसवायचं. आमच्या मराठी शाळेत त्या योजनेत आलेला पहिला मी. तपासणीला साहेब आले की मला पहिल्या बाकावर आणत, माझ्या डोक्यावरून हात फिरवत. ते गेले की पुन्हा मागच्या बाकावर. प्रार्थना मैदानात, कवायत मैदानात, आणि वर्गाला सहा पायऱ्या. मास्तर म्हणायचे, "तू बस रे. दप्तरं सांभाळ." हजेरीत मात्र प्रार्थनेलाही मी हजर, कवायतीलाही हजर. वर्षाच्या शेवटी मास्तरांनी कौतुकानं सांगितलं, कवायतीत तुझी शंभर टक्के हजेरी. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं साखर वाटली.

तर असा मी. पलंगावर.

सुनंदा वर आली तेव्हा लिफ्ट सुरू झाली नव्हती. पाच मजले चढून आली होती. तिनं आधी दारावरची पट्टी बघितली, मग मला. साहेबांनी परत दिलेलं माझं कार्ड पलंगावर टाकलं, पाणी प्यायली. बसली नाही.

"तिथं तुमचं नाव घेतलं," ती म्हणाली. "यादी घेऊन उभ्या पोरीनं विचारलं, ये सर कहाँ हैं? साहेब म्हणे, यहीं हैं, पीछे खड़े हैं."

"मग?"

"मग काय मग? तुम्ही! उभे! मागं! सगळे डीलर हसून राहिले. तो तुमचा किशोरभाऊ तर पोट धरून. त्या पोरीला वाटलं, ती काहीतरी चुकली. तीही हसली न् पुढं गेली."

मीही हसलो. हसायचंच असतं अशा वेळी. म्हणालो, "जाऊ दे गं. जहाज काय बुडतंय थोडीच."

"नाही ना बुडत. मग भोंगा कशाला वाजवला?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"ऐका. खरा भोंगा वाजला न् मी खाली असले, तर मी काय करीन?"

"बोटीत बसशील."

"मी वर येईन." ती अगदी साध्या आवाजात बोलली, भाजीत मीठ टाकलं का विचारावं तशी. "सगळे खाली उतरत असतील न् मी वर चढत असेन. तुम्ही तर त्यांच्या लिस्टमध्ये खाली पोचलेले. हुडकतील मला. तुमच्या नावापुढं खूण राहील न् माझ्या नावापुढं नाही."

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झालीत. ती वर येईल. यात मला रतीभर शंका नव्हती. साहेबाच्या हातात मी माझं एकट्याचं कार्ड दिलेलं नव्हतं, तिचा जीवही दिला होता.

लिफ्ट सुरू झाल्यावर आम्ही चौकशीच्या काउंटरवर गेलो. समोर मोठा दिवाणखाना, झुंबर, सरबताचे पेले. आमचे सगळे डीलर तिथंच. काउंटरवरच्या बाईला मी म्हणालो, "मॅडम, मेरी हाज़िरी काटिए. मैं ड्रिल में नहीं था."

तिनं कार्ड लावून बघितलं. "आपकी ड्रिल हो गई है, सर."

"मेरी नहीं हुई. मेरे कार्ड की हुई."

तिनं मान तिरकी करून माझ्या कुबड्या बघितल्या. पडद्यावर काहीतरी उघडलं. "आपके फॉर्म में तो मदद के आगे 'नहीं' लिखा है."

फॉर्म मी स्वतः भरून साहेबांकडं दिला होता. 'चालायला, जिन्यावर मदत लागते का' या रकान्यात 'हो' लिहिलं होतं. पेनानं दोनदा गिरवून.

तेवढ्यात साहेब आले. तोंडावर हसू, दात एकमेकांवर. "काय झालं, शेठ?"

"माझ्या फॉर्मवर 'नाही' कोणी लिहिलं?"

"मी." त्यांनी लपवलंसुद्धा नाही. "'हो' पाठवलं असतं तर डॉक्टरचं पत्र मागितलं असतं, वेगळी केबिन, वेगळी माणसं. तुमच्या एकट्यापायी सगळ्या ग्रुपचं बुकिंग लटकलं असतं. उलट मी तुम्हाला आणलं, हे लक्षात ठेवा."

आणलं. नळ्यांचं बंडल आणतात तसं.

"मला कवायत पाहिजे, साहेब. माझी हजेरी खोडा आणि माझी कवायत घ्या."

"आता? जहाज सुटायचं आहे!"

मागून किशोरभाऊ ओरडला, "अहो लंगडेशेठ, सुटू द्या ना गाडी! बुडायला लागलं तर आम्ही आहोत की उचलायला. चौघं लागतील फक्त!"

झुंबराखाली मोठा हशा पिकला. आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. वाट बघत. का, ते मला पक्कं माहीत होतं. आता माझी पाळी होती. माझ्या पायावरचा पुढचा विनोद मी करायचा. आयुष्यभर केला. एस.टी.च्या पायरीशी उभा राहून मी स्वतःच कंडक्टरला म्हणायचो, मेरे एक पाँव का तो टिकट मत काटो. बस हसायची आणि मग कोणीतरी हात देऊन वर ओढायचं. लग्नाच्या पंगतीत, दुकानात, सासुरवाडीला, सगळीकडं आधी हसवायचं, मग चढायचं. मला वाटायचं मी मोठा गमत्या माणूस आहे. चारचौघांत लोक म्हणायचेही, शेठ आले की मजा येते.

त्या दिवशी कळलं की मी भीक मागत होतो. फक्त हात पुढं करायच्या ऐवजी विनोद पुढं करत होतो.

मी विनोद केला नाही. कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी सोडली, काउंटरला धरून खाली बसलो. फरशीवर. कुबड्या शेजारी ठेवल्या. मॅडमना म्हणालो, "जब तक नाम नहीं कटेगा, मैं यहीं हूँ. अब लिखिए कि मैं कहाँ हूँ."

साहेब वाकले. आवाज एकदम खाली. "उतरवतील तुम्हाला. सामानासकट. मी मधे पडणार नाही. आणि डीलरशिपचं काय करायचं तेही मग वर बसलेले बघतील."

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू. मुलीचं शिक्षण चालू होतं, दुकान तेवढं एकच.

सुनंदा माझ्या शेजारी फरशीवर बसली. पदर सावरला. "उतरवा," ती साहेबांना म्हणाली. "दोघांना उतरवा. बॅगा अजून उघडल्याच नाहीत."

फराळाची उघडली होती. पण ती वेळ तिला दुरुस्त करायची नव्हती.

पांढऱ्या गणवेशातला अधिकारी आला. त्यानं साहेबांना विचारलं, "इनका कार्ड किसने दिखाया?" साहेब झुंबराकडं बघायला लागले. मग अधिकारी माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत दया वगैरे काही नव्हती. "और आपने दिया क्यों?"

मी म्हणालो, "मेरी गलती. अब नाम काटिए."

त्यानं माझं नाव खोडलं. यादीत एक माणूस कमी झाला. लगेच जहाजभर घोषणा झाली: एका प्रवाशामुळं निघायला उशीर होत आहे. बदललेल्या फॉर्मचं काही नाही, साहेबाचं काही नाही. एका प्रवाशामुळं. दिवाणखान्यातून शिट्ट्या आल्या, शिव्या आल्या, एक मराठीतली आली ती तर थेट ओळखीच्या आवाजात.

मला पुन्हा नवव्या मजल्यावर नेलं. जिन्यावरून उतरवायची एक खास खुर्ची असते, खाली पट्टे लावलेली, पायऱ्यांवरून घसरत येते. ती जहाजावर होती. सुरुवातीपासून होती. दोन माणसं ती घेऊन आली, सोबत तो अधिकारी. मला बसवलं. छातीचा पट्टा लागला. पोटाचा लागेना. त्यांनी ओढला, मी श्वास आत घेतला, सुनंदानं मागून दाबून बघितलं. चार बोटं कमी. त्यांतल्या एकाला खाली पाठवून लांब पट्टा मागवला. तो यायला बराच वेळ लागला. आम्ही जिन्याच्या तोंडाशी थांबून होतो आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली होती: भोंगा खरा असता तर एवढा वेळ मिळाला नसता. अधिकाऱ्यानं वहीत लिहून घेतलं: केबिनमध्ये लांब पट्टा ठेवणे.

मग पाच मजले खाली. प्रत्येक पायरीला हिसका. चौथ्या मजल्यावर त्या पोरीनं माझं कार्ड घेतलं, माझा चेहरा बघितला, पडद्यावरचा फोटो बघितला आणि खूण केली. या वेळी ती हसली नाही.

तीन दिवस आमच्याशी कोणी बोललं नाही. जेवायला आमचं टेबल वेगळं केलं. साहेबांनी ग्रुपचा फोटो काढला तेव्हा आम्हाला बोलावलं नाही. सुनंदा म्हणाली, बरंच झालं, माझे केस विस्कटलेले होते. तिला समुद्र आवडला. मला नाही आवडला. सारखा हलतो.

पुढच्या हंगामाच्या आधी साहेब बुऱ्हाणपूरला आले. दुकानात शिरले नाहीत, गाडीतून उतरून दारातच उभे राहिले. कंपनीची बैठक होती, एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जागा बदला म्हणून मी आधीच फोनवर सांगितलं होतं. हातात सह्यांचा कागद. झालं गेलं विसरल्यासारखं म्हणाले, "शेठ, तुम्ही वर यायची तकलीफ घेऊ नका. इथंच सही करून टाका. हजेरी लागून जाईल. वर दाखवायला सगळे डीलर हजर पाहिजेत."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, जसोंडी गावचे शेतकरी. तेही बघत होते.

मी कागद घेतला. माझ्या नावापुढं लिहिलं: गैरहजर. जिना आहे, लिफ्ट नाही, सांगूनही जागा बदलली नाही. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. रकान्यात मावेना म्हणून शेजारच्या दोघांच्या रकान्यांवर गेलं.

"हे काय केलं तुम्ही?" साहेबांचा चेहरा उतरला. "असा कागद वर कसा पाठवू? वर विचारतील ना मला."

"विचारू द्या," मी म्हणालो. "विचारावं म्हणूनच लिहिलंय."

डीलरशिप राहील की जाईल, हे लिहितो आहे तोवर ठरलेलं नाही. जाऊ शकते. गेली तर दुसऱ्या कंपनीच्या नळ्या विकीन, नाहीतर घरी बसून सुनंदाची बोलणी खाईन. पण जिथं मला नेलं नाही, तिथं माझं नाव लागू देणार नाही. कागद कोणीही आणो, कितीही गोड बोलून आणो. मला नेता येत नसेल तर मला गैरहजर लिहा. का, तेही लिहा. तुम्ही लिहिणार नसाल तर पेन माझ्या खिशात आहे.