पार्बताचं नाव

मंदाबाई गेल्याची बातमी मला साहित्य मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. सोबत तिचा पुरस्काराच्या दिवशीचा फोटो होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, गळ्यात झेंडूचा हार. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या रांगेत एका कवींनी नुसता फोटोच पाहिला असावा, कारण त्यांनी 'हार्दिक अभिनंदन ताई, अशाच लिहीत राहा' असं टाकून दिलं. कोणीतरी कान उपटल्यावर त्यांनी ते पुसलं, पण तोवर मी वाचलं होतं. मला चक्क हसू आलं. मग निवडत होते ती मेथी तशीच टाकून मी कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिले... मंदा असती तर तीच सगळ्यांत मोठ्याने हसली असती. तो फोटो तिने स्वतःच्या घरात कधी लावला नव्हता, हे मात्र त्या ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं.

पोंभुर्ण्यापलीकडे तिच्या गावात मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. अंगणवाडी शाळेला लागूनच, पडवी दोघींची एकच. मंदा अंगणवाडी सेविका. ढिवराच्या घरची, बाप तलावात मासे धरायचा आणि माय डोक्यावर टोपलं घेऊन आजूबाजूच्या गावांत ते विकायची. सिकलसेलचं दुखणं मंदाला लहानपणापासूनच. थंडी पडली की तिचे सांधे असे ठणकायचे की खिचडीचं पातेलं उतरवायलाही मदतनीस लागायची. लग्न झालंच नाही, आणि त्याबद्दल हळहळ करणाऱ्या बायकांना ती बरोबर तोंडावर पाडायची. एकीला म्हणाली होती, "तुह्या नवऱ्याले पाहून मले अजून बी पस्तावा नाई होऊन राह्यला, काकू." दुपारी लेकरं झोपली की ती जाळं विणायला बसायची. बाप गेल्यावर घरात जाळं टाकणारं कोणी उरलं नव्हतं, तरी विणायची आणि शेजाऱ्यांना देऊन टाकायची. हात चालू असले की गोष्ट सुचते, असं तिचं म्हणणं. गाठीमागून गाठ पडायची आणि मधेच ती एखादं वाक्य मोठ्याने म्हणून पाहायची. मी माझ्या वह्या तपासत ऐकत असायचे. मीही तेव्हा थोडंफार लिहीत होते, पण तिची वाक्यं ऐकून माझी वाक्यं मला शाळेच्या अहवालातली वाटायची.

तिला एक मोठी बहीण होती, हे मला गावात आल्यावर खूप उशिरा कळलं. सांगितलं तेही दुसऱ्यांनीच. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे वेचायला गेली आणि वाघाने नेली. मोह वेचताना बाई वाकलेली असते, टोपल्याकडे बघत असते, मागे काय आहे ते तिला दिसत नाही. या भागात अशा घटना दरवर्षी होतात, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. पण त्या गावात एक रीत होती. वाघाने नेलेल्या माणसाचं नाव कोणी घ्यायचं नाही. मेलेलं माणूस म्हणे त्या जनावराच्या पुढे चालतं, त्याला वाट दाखवतं, आणि ज्या दारातून त्याला हाक ऐकू येते त्या दाराशी जनावराला घेऊन येतं. म्हणून गावात सगळे तिला नुसतं 'ती' म्हणायचे. मायही 'ती'च म्हणायची. मंदा तेव्हा लहान होती, बहिणीबद्दल काहीबाही विचारायची, आणि माय तिच्या तोंडावर हात ठेवायची. मी शहरातून आलेली, शिकलेली, मला आधी या सगळ्याचा रागच आला होता. नंतर मायची भीती नीट दिसायला लागली. दोन मुलींतली एक गेली होती, उरलेली आजारी होती, आणि त्या बाईला कुठलाच धोका पत्करायचा नव्हता.

मंदाचं कथांचं पुस्तक आलं आणि आमच्या दोन जिल्ह्यांतल्या कथालेखकांसाठी असलेला मंडळाचा पुरस्कार तिला जाहीर झाला. रक्कम नावापुरतीच, पण या पुरस्काराची एक पद्धत होती आणि मला ती मनापासून आवडायची. तो सभागृहात देत नसत. मंडळ सुरू करणारे आमचे गुरुजी म्हणायचे, "गाव आपल्यावर लिवलेलं कधी आयकतच नाई. लोकाचं दुःख लोकालेच आधी आयकवा, मंग शाल पांघरा." म्हणून मंडळीच जीप करून लेखकाच्या गावी जायची. पारावर नाहीतर शाळेच्या पटांगणात लेखकाने आपली एक कथा आपल्याच लोकांना वाचून दाखवायची, आणि मग सत्कार. एटापल्लीकडच्या एका लेखकाची कथा ऐकून त्याच्या काकाने भर सभेत "हे खोटं हाये, बैल मायाच होता" म्हणून भांडण काढलं होतं, आणि गुरुजी ती आठवण पुरस्कारापेक्षा जास्त अभिमानाने सांगायचे.

कोणती कथा वाचायची ते मंदाच्याच हातात होतं. पुस्तकात तळ्यावरच्या होत्या, बाजाराच्या होत्या, एक तर निव्वळ हसवणारी होती. तिने बहिणीची निवडली. त्या कथेत एक मुलगी मोह वेचून भरलं टोपलं घेऊन घरी परत येते, एवढंच घडतं. येते, पाय धुते, धाकटीशी भांडते, जेवते. मुलीचं नाव पार्बता, म्हणजे बहिणीचं खरं नाव. पुस्तकात ते छापलेलं होतंच, पण गावात पुस्तक कोण वाचतंय? मोठ्याने वाचणं वेगळं. मायला कळलं तेव्हा ती शाळेच्या पडवीत आली. माझ्यासमोर मंदाला म्हणाली, "दुसरं काई बी वाच. मोहाचे दिवस हायेत, बाया रानात जाऊन राह्यल्या. काऊन हट्ट करून राह्यली तू?" मंदा विणत होती. वर न बघता म्हणाली, "माय, जनावरानं तिले एकदा मारलं. आपुन रोज मारून राह्यलो." मायने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलावं म्हणून. पण मला मंदाचंच पटत होतं, आणि खरं सांगायचं तर आजही पटतं.

सत्कार सकाळी झाला. शाळेचं पटांगण भरलं होतं. पुढे सतरंजीवर माझ्या शेजारी माय बसली होती, नवं लुगडं नेसून. मंदाने पुस्तक उघडलं आणि पहिलंच वाक्य वाचलं, "पार्बता उठली तेव्हा कोंबडा आरवला नव्हता." एका क्षणात सगळं पटांगण गप्प झालं. मंडळाच्या लोकांना वाटलं, काय दाद आहे! मायने पदराने कान झाकले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि घराकडे चालती झाली. तिच्या मागून आणखी काही बायका उठल्या. मंदाने मान वर करून त्यांना जाताना बघितलं. पण तिने नाव गाळलं नाही. जिथे जिथे होतं तिथे तिथे स्पष्ट वाचलं, आपल्या बहिणीला पुन्हा एकदा जेवायला बसवलं, आणि मगच पुस्तक मिटलं. मग शाल, नारळ, हार आणि तो फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात 'गावकऱ्यांच्या उपस्थितीत हृद्य सोहळा' असं छापून आलं. बातमी लिहिणाऱ्याला काय हृद्य वाटलं कोण जाणे.

त्याच मोहाच्या दिवसांत, मंदाच्या घरापासून तिसऱ्या घरातली शेवंता गेली. मंदाच्या बरोबरीची, पोरंबाळं असलेली. रानाच्या कडेलाच, झाडाखाली अर्धं टोपलं भरलेलं सापडलं.

गावाने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त अंगणवाडीत लेकरं येईनाशी झाली. खिचडी शिजायची आणि तशीच थंड व्हायची. पुढे भुकेपायी लेकरं परत आली, पण आयांनी ती फाटकातच सोडायची, आत यायचं नाही. शेवंताच्या सासूने तर मंदाने विणलेलं जाळं आणून पडवीत ठेवलं आणि परत गेली. मी मंदाला समजावलं, जरा ओरडूनच. जंगलात वाघ वाढलेत, पोटासाठी पहाटे रानात जावंच लागतं, तू नाव घेतलं नसतंस तरी हे झालं असतं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. ती म्हणाली, "फांदी तं तुटली ना, म्याडम. कावळ्यालेच इचारा, त्याले झोप येते का." मी म्हटलं, अगं तू तरी या गोष्टींवर विश्वास ठेवू नकोस. ती हसली. "मले माहीत हाये, नावानं काई होत नाई. पन माह्या हाताले ते पटून नाई राह्यलं."

त्यानंतर तिने जाळंही विणलं नाही आणि गोष्टही लिहिली नाही. मंडळवाल्यांनी कादंबरी मागितली, पुढच्या वर्षी प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. ती गेली नाही. गुरुजी स्वतः एकदा पडवीत येऊन तिला भेटून गेले. त्यांनी पुरस्काराची पद्धत बदलली नाही. बदलावी असं मंदाने त्यांना सांगितलंही नाही. चूक कोणाची ते शोधायला मी बरंच डोकं खाजवलं. शेवटी कोणाचीच सापडली नाही, आणि याचाच मला सगळ्यांत जास्त संताप येतो.

माझी बदली झाली, मग निवृत्ती आणि चंद्रपूर. या हिवाळ्यात ती इथल्या दवाखान्यात होती तेव्हा मी डबा घेऊन जात असे. शेवटच्या भेटीत तिला दम लागत होता. "कशी आहेस?" विचारलं तर म्हणाली, "जनावरानं नाई नेलं, येवढं गावाले सांगजा." मी रागावले तिच्यावर. आता वाटतं, तेवढा विनोद तरी तिला करू द्यायला हवा होता, न रागावता... नंतर ताप चढला, ती बोललीच नाही, आणि मी पुढचा डबा नेण्याआधीच ग्रुपवर बातमी आली.

मागच्या आठवड्यात मी गावी गेले. माय अंगणात बसली होती, शेजारणीने आणून दिलेली मोहफुलं चटईवर वाळत घातलेली. मला वाटलं होतं, मंदाबद्दल बोलेल, रडेल. तिने कोरा चहा ठेवला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "पारूले चाहा नाई आवडे. पार्बताले. दूधच लागे तिले, कुठून आनाचं दूध!" माय सांगत राहिली. पार्बता पाण्याला भ्यायची, ढिवराची पोट्टी असून. पार्बताने एकदा मंदाला कडेवर घेऊन आठवडी बाजारात सोडून दिलं होतं आणि घरी येऊन "ते रडे, म्हनून ठेवून आली" असं सांगितलं होतं. पार्बताचा आवाज जाडा होता. पार्बताच्या पाठीवर जळल्याचा डाग होता. मंदा लहानपणी जे जे विचारायची, ते सगळं. तिची कथा मी कितीदा वाचली आहे. त्यातली पार्बता मंदाने मनाने उभी केलेली, गोड आवाजाची आणि पोहणारी.

उन्हं उतरली तरी मायचं बोलणं संपेना. मोहाचेच दिवस, रान समोरच. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज केव्हाच थांबला होता. न राहवून मी विचारलं, "बाई, आता नाव घेता तुम्ही?"

मायने चटईवरची फुलं हाताने सारखी केली.

"मंदा होती तं भेव होतं," ती म्हणाली. "आता भ्याचं कोनासाठी?"