तंबूची चेन

इस्पितळाच्या धोबीखान्यात ते बॉयलर सांभाळायचे. तेवीस वर्षं. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट शिकवायचे: आग पेटलेली असली की हवा कुठून येते आणि धूर कुठून जातो ते आधी बघायचं, बाकीचं नंतर. या शिकवण्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले. स्वतः सातवीच्या पुढे गेले नव्हते, त्यामुळे त्या नावाचं त्यांना मनातून अप्रूप होतं.

सुट्टी म्हणजे नातेवाइकांकडे जाणं, एवढंच त्या घराला ठाऊक. तंबूत राहायची टूम काढली दहा वर्षांच्या मुलीनं. घरात तिला चिमी म्हणत. वर्गातली मैत्रीण तळ्याकाठच्या रिसॉर्टवर तंबूत राहून आली होती, तेव्हापासून चिमीनं घर डोक्यावर घेतलं होतं. मास्तरांनी टाळून पाहिलं, पण त्यांची आईच नातीच्या बाजूनं उभी राहिली. पक्क्या घरात काय, रोजच झोपते मी, म्हणाली. मग चौघं निघाले.

रिसॉर्टचा माणूस सामान गवतावर टाकून निघून गेला. मास्तर कागदावरची चित्रं उलटीसुलटी करून बघत होते. दीड तासानं तंबू उभा राहिला, तेव्हा हातात एक नळी शिल्लक होती. "बॉयलर असाच जोडता का हो?" असं बायकोनं विचारल्यावर आजी हसता हसता गवतातच बसली. ती नळी कुठली, ते काही कळलं नाही.

दुपारी कोळशाच्या शेगडीवर कणसं भाजून झाली आणि ढग भरून आले. वारा सुटला, पाठोपाठ बारीक झड. आजीला हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घालूनही दात वाजायचे थांबेनात. मास्तरांनी शेगडीकडे पाहिलं. ज्वाळ नव्हती, धूरही नव्हता, नुसते लाल निखारे. त्यांनी ती उचलून तंबूच्या दाराशी, आतल्या बाजूला ठेवली. दाराचे दोन्ही पडदे वर गुंडाळून बांधले.

"आई, हे उघडंच राहू दे. काही झालं तरी बंद करायचं नाही."

आजीनं मान डोलावली. चिमी तिच्या कुशीत शिरली होती. मास्तर आणि बायको मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या स्वयंपाकघरातून चहा आणि गरम पाणी आणायला गेले. तिथे गर्दी होती, त्यात पावसानं जोर धरला. परतायला पाऊण तास गेला.

पडदे खाली सोडलेले होते आणि चेन तळापर्यंत लावलेली होती, आतून.

मास्तरांच्या हातातली किटली तिथंच पडली. त्यांनी चेन ओढली, अडकली, तेव्हा कापडच फाडलं. आधी चिमीला, मग आईला पावसात बाहेर ओढून आणलं. चिमीचा श्वास चालू होता. आईचा नव्हता.

इस्पितळात चिमी तिसऱ्या दिवशी नीट बोलू लागली. आजी कुठाय, हे तिनं विचारलं नाही. खाटेच्या कडेला बसलेल्या वडिलांना म्हणाली, "बाबा, आजीला वारं लागत होतं. ती म्हणाली चेन लाव. मी लावली."

मास्तरांनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "नाही गं. जाताना मीच लावली होती. तू तेव्हा झोपली होतीस. तुला स्वप्न पडलं असेल."

बायको पायथ्याशी उभी होती. निघताना तिनं मागे वळून पाहिलं होतं. उघड्या दारातून सासू तिला हात करत होती.

त्याच दिवशी पोलिसांना मास्तरांनी तेच सांगितलं. आपण शेगडी ठेवली, आपणच दार लावलं. शेगडी आत नेऊ नये अशी पाटी तिथे कुठेही नव्हती. पण हा जबाब ऐकून रिसॉर्टच्या मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली.

दिवसकार्यं उरकल्यावर मोठ्या बहिणीनं त्यांना समोर बसवलं. "निखारे आत असताना दार लावलं की जीव जातो, तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"तरी लावलंस?"

"हो."

बहीण उठली ती पुन्हा त्या घरात आली नाही. धोबीखान्यात त्यांना बॉयलरवरून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवलं. मास्तर म्हणायचं हळूहळू सगळ्यांनी सोडलं. नवी पोरं त्यांना नुसतं काका म्हणत.

बायकोनं एकदाच विचारलं, हे किती दिवस चालायचं? ती मोठी होईपर्यंत, ते म्हणाले. मग तिला खरं सांगायचं का, असं तिनं विचारताच ते उठून कपाट लावायला लागले.

चिमी मोठी झाली. वडिलांचं सांगणं तिनं खरं मानलं होतं, पुरतं खरं. एकोणिसाव्या वर्षी तिला परगावी नोकरी मिळाली आणि मास्तर नको म्हणाले. एकटी कशी राहशील, काळजी वाटते. शब्दाला शब्द वाढत गेला.

"माझी काळजी तुम्ही करू नका," ती म्हणाली. "आजीला तुम्ही मारलंत."

बायको ताडकन उठली. तिचं तोंड उघडलं होतं. मास्तरांनी तिचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. थोड्या वेळानं ती खाली बसली.

दोन दिवसांनी चिमीनं स्वतःहून विषय काढला, तसं बोलायला नको होतं म्हणाली. असू दे, त्यांनी म्हटलं, आणि तिची बॅग बांधायला लागले.

आता ते निवृत्त आहेत. चिमी दर रविवारी फोन करते, आईशी तासभर बोलते. मग मास्तर फोन घेतात. तब्येत कशी आहे, ती विचारते. बरी आहे, ते सांगतात. फोन ठेवल्यावर बायको त्यांच्याकडे बघत राहते आणि ते नाही म्हणून मान हलवतात.