ठकूमावशीचा हारा

ठकूमावशी गेल्याची बातमी तिचा मुलगा किसन पिरंगुटच्या दवाखान्यातून चालत आमच्या भरे गावात घेऊन आला. मी तेव्हा आमच्या मंडळाच्या नव्या पत्रकाच्या घड्या घालत होतो. ‘वाडीच्या फाट्यावर थांबा मिळालाच पाहिजे!’ असा मथळा होता. किसन उंबऱ्यावरच बसला. “गाडी थांबली न्हाई, भाऊ,” म्हणाला. मग, “आई गेली.” याच क्रमानं. महिना उलटला, तरी तो क्रम डोक्यातून जात नाही...

आपलं मराठी राज्य झालं, त्यानंतर पुण्याहून मुठ्यापर्यंत सरकारी गाडी सुरू झाली. हारतुरे झाले, नारळ फुटले. पण मधला वाडीचा फाटा थांब्यांच्या यादीत नव्हता. डोंगरावरच्या वाडीची माणसं करवंदं, हिरडा, लाकूडफाटा घेऊन उतरायची, हात करायची आणि गाडी त्यांच्या अंगावर धुरळा उडवून निघून जायची. आम्ही अर्ज केला. ‘फाट्यावर उतारू मिळत नाहीत,’ असं उत्तर आलं. गाडी उभीच राहत नाही तिथं उतारू मिळणार कसे, हे त्या साहेबांना कुणी विचारावं? आम्ही विचारलं, छापून विचारलं. उत्तर नाही.

ठकूमावशीनं छापलं नाही. आमच्या भागात डोक्यावर ओझं नेणाऱ्यानं वाटेत कुणालाही ‘हात लावा’ म्हटलं, तर नाही म्हणायची रीत नाही. पाटील असो की फौजदार, थांबून हात लावतोच, कारण भरलं ओझं एकट्याला डोक्यावर चढवता येत नाही. एके सकाळी मी त्या गाडीत होतो. फाट्यावर रस्त्याच्या मधोमध करवंदांनी भरलेला हारा, बांबूची मोठी टोपली, आणि शेजारी डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ हातात घेऊन मावशी उभी. रंगनाथ ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

“ए मावशे, हारा बाजूला घे.”

“जड हाय रं बाबा. जरा हात लाव.”

रंगनाथ चाकावर हात ठेवून क्षणभर बसला. गाडीतले सगळे त्याच्याकडे बघत होते. मग तो मुकाट उतरला. तो हारा उचलतोय तोवर झाडाखाली बसलेली वाडीची माणसं मागच्या दारानं भराभर आत चढली. कंडक्टर ओरडला, “हितं थांबा न्हाई!”

“मग थांबलाय कोन?” हारा डोक्यावर घेत मावशी म्हणाली. “त्यो वझं उचलाया उतरलाय.”

गाडीभर हसू फुटलं. रंगनाथही हसला, आणि त्यानंच तो हारा टपावर चढवला. मग ते रोजचंच झालं.

माझं आणि तिचं यावरून भांडण व्हायचं. मी म्हणायचो, “मावशे, ही मेहेरबानी झाली. आपल्याला हक्क पाहिजे.” ती मला पत्रकवाल्या म्हणायची. “पत्रकवाल्या, तुजा हक्क यील तवा यील. करवंदं तवर नासत्यात.” उद्या ड्रायव्हर बदलला तर काय करशील, असं विचारलं तर म्हणाली, “का? त्याला काय आई न्हाई?” तरीही आमच्या प्रत्येक अर्जावर पहिला अंगठा तिचाच असे.

ड्रायव्हर बदलला. रंगनाथ रजेवर होता त्या आठवड्यात मावशीला तापानं धरलं. पोरांनी तिला झोळीत घालून फाट्यावर आणलं, कडेच्या सावलीत ठेवलं आणि गाडी दिसताच हात केले. बदली ड्रायव्हरनं त्यांच्याकडं पाहिलं आणि गाडी पुढं काढली. त्याच्या हातात दिलेल्या यादीत हा फाटा नव्हता. ती यादी पुण्यात पंख्याखाली बसून कुणी केली, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी विचारत राहणार आहे. पोरं झोळी खांद्यावर घेऊन पिरंगुटाकडं चालत निघाली. खिंड ओलांडेपर्यंत मावशी बोलत होती, म्हणे. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

“झोळी रस्त्यात का नाही ठेवली रे?” मी किसनला विचारलं.

“आईला वझ्यागत रस्त्यात ठिवू व्हय?”

मी पत्रकांचा गठ्ठा बाजूला सरकवला.

परवा फाट्यावर गेलो होतो. रंगनाथ कामावर परतला आहे. सकाळी किसननं मावशीचा हारा आणून रस्त्याच्या मधोमध ठेवला, वर तिची चुंबळ. करवंदांचे दिवस संपलेत, हारा रिकामा होता. गाडी आली, उभी राहिली. रंगनाथ उतरला, रिकाम्या हाऱ्याला दोन्ही हात लावून भरला असल्यासारखा सावकाश उचलला आणि किसनच्या डोक्यावर दिला. तोवर वाडीची माणसं चढली. कंडक्टर तिकिटं फाडू लागला... थांब्यांच्या यादीत वाडीचा फाटा अजून नाही.