कप्तानाची बदली

आमच्या समोरच्या लिफ्टवाल्यानं समुद्राकाठी बंगला घेतला, ही बातमी गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये दुधाच्या पिशव्यांच्या आधी घरोघर पोचली. तळमजल्यावरच्या मास्तरांनी तर बंगल्याभोवती बागही लावून टाकली. खोटं कशाला बोलू, बातमी मूळची माझीच. तो जिन्यात फोनवर बोलत होता, "हो, समुद्र दिसतो. पण चौदा फूट बसत नाही." एवढंच माझ्या कानावर पडलं. बाकीचं बांधकाम मी केलं.

बंगला वगैरे काही नव्हतं. कंपनीनं त्याला समुद्राकाठच्या मोठ्या शहरात बदली देऊ केली होती. सुपरवायझरची जागा, स्वतःची खुर्ची, पगार दीडपट. आणि चौदा फूट म्हणजे त्याची होडी.

आता माणूस कसा आहे ते सांगते. वय एक्कावन्न, त्यातली सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. लोकांना वाटतं, लिफ्टवाला म्हणजे सारखा लिफ्टमधून फिरत असेल. अहो, लिफ्ट चालू असताना त्याला कोण बोलावतंय? ती बंद पडली की बोलावतात, आणि मग नऊ मजले चढून गच्चीवरच्या मशीन रूमपर्यंत जायचं ते जिन्यानंच. उभ्या जन्मात तो जेवढे जिने चढला, तेवढे कुणी पोस्टमनही चढला नसेल. गुडघे पार कामातून गेलेत. त्यात आमची बिल्डिंग तीन मजली, बिनलिफ्टची, आणि तो आमच्यासारखाच तिसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हत्यारांची पिशवी खाली ठेवतो आणि भिंतीला हात लावून उभा राहतो. मी कठड्यावरून डोकावते.

"काय कप्तान, गाडी बंद पडली का?"

"नाही वहिनी. नांगर टाकलाय."

कप्तान हे नाव होडीमुळे पडलं. शहराबाहेरच्या तलावावर बोट क्लबनं एक शिडाची होडी मोडीत काढली होती, ती यानं नऊ वर्षांपूर्वी उचलून आणली आणि आठ महिने आमच्या पार्किंगमध्ये ठोकत बसला. बसायच्या फळ्या एका जुन्या लिफ्टच्या केबिनमधल्या. एकीवर अजून अक्षरं आहेत, 'चारपेक्षा जास्त व्यक्तींनी बसू नये.' मासे धरत नाही, कुणाला फिरवून पैसे घेत नाही. रविवारी सकाळी शीड लावतो आणि तलावाच्या मध्यावर जाऊन नुसता बसतो.

त्याची बायको घरी शाळेचे गणवेश शिवते. ती होडीला 'सवत' म्हणते. "दर रविवारी सवतीकडे जातात आणि भिजून येतात," असं मला एकदा सांगत होती. "पण ताई, त्या दिवशी जिना न थांबता चढतात. म्हणून मी तोंड उघडत नाही."

तर बदलीचं पत्र आल्यावर पोरीला माझ्याकडे ठेवून दोघं घर बघायला त्या शहरात दोन दिवस जाऊन आली. आल्या आल्या मी चहा घेऊन समोर हजर. शेजारधर्म! तो पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसला होता. बोलत होती ती.

"सहा घरं बघितली, ताई. भाडी ऐकून चक्कर आली. पगार दीडपट, भाडं अडीचपट. दोनच घरं आपल्या आवाक्यातली होती. पण हे घर बघतील तर शपथ! आधी लिफ्टचं दार उघडून खाली वाकून बघणार. एजंट म्हणाला, साहेब, तुम्ही घर बघायला आलात की लिफ्ट?"

"दोर झिजला होता," बादलीतून आवाज आला. "अकरावा मजला. तू आणि पोरगी रोज त्यात बसणार."

"आणि दुसरीकडे?" मी विचारलं.

"ब्रेक उशिरा लागत होता."

"खिशातली वही काढून त्यांनी दोष लिहिले आणि तो कागद वॉचमनच्या हातात दिला! घरमालकानं आम्हाला गेटपर्यंत सोडलं. पाहुणचार म्हणून नाही, परत आत येऊ नये म्हणून."

"आणि होडीचं काय?" मी काडी टाकली.

तो बादलीकडे बघत राहिला. तीच म्हणाली, "पार्किंगची जागा बारा फूट. बंदरावर होडी बांधायचं भाडं आपल्या इथल्या दोन खोल्यांएवढं. समुद्राकाठी जाऊन कोरडा राहायचा हा माणूस." मग तिचा आवाज बदलला. "पण जाऊ या. भाड्याचं बघू, मी तिथेही मशीन चालवीन. खुर्चीचं काम आहे हो. गुडघे काही दुकानात मिळत नाहीत."

सोमवारपर्यंत कंपनीला उत्तर द्यायचं होतं. त्यानं टॉवेलनं पाय पुसले आणि म्हणाला, "ठीक आहे. होडी विकू."

गिऱ्हाईक लगेच मिळालं. बाजारपेठेतले दातांचे डॉक्टर होते, नव्या टोपीसकट रविवारी तलावावर हजर. कप्तानाच्या बायकोला त्याच्याबरोबर जायचं होतं, आणि साक्षीदार असावा म्हणून मीही गेले. ती काठावर दगडावर बसली. नऊ वर्षांत तिनं सवतीच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. आम्ही तिघं होडीत.

वारा बरा होता. शीड भरलं आणि लिफ्टवाल्याचा चेहरा सैल पडला. गुडघा पसरून तो सुकाणूपाशी टेकला. जिन्यात भिंत धरून उभा राहणारा तो हाच का, असं मला वाटलं.

"झकास आहे," डॉक्टर म्हणाले. "घेतली असं समजा."

"थांबा," तो म्हणाला. "सुकाणूची खीळ ढिली आहे. आणखी वर्षभर चालेल, मग बदला. डाव्या बाजूच्या तिसऱ्या फळीतून पाणी येतं."

"किती?"

"तासाला एक तांब्या. वारा वाढला की उजवीकडे कलते. पोहता येतं ना तुम्हाला?"

डॉक्टरांना पोहता येत नव्हतं. आणि तेवढ्यात आमच्या कप्तानानं खिशातून वही काढली, खीळ, फळी, कल असं ओळीनं लिहिलं, खाली तारीख टाकून सही केली आणि कागद फाडून त्यांच्या हातात दिला! लिफ्ट तपासून झाल्यावर देतो तसा. सवयच ती. मला हसू आवरेना. डॉक्टरांनी टोपी सावरली आणि काठ येईपर्यंत दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली. उतरताना म्हणाले, "कळवतो." दात उपटायच्या आधी पेशंट म्हणतो ना, तसं.

बायको दगडावरून उठली. "विकायची होती की नाही?"

"जे खरं होतं ते सांगितलं."

"दुसरा आला तरी हेच कराल."

"हो, बहुतेक."

तिनं कपाळावर हात मारला. तो काठावरच चिखलात बसला, ओल्या पँटनिशी, आणि शीड गुंडाळत हळूहळू बोलायला लागला. मी जरा लांब सरकले. ऐकू येईल एवढीच लांब.

"खुर्ची मिळेल, खरंय. पण भाडं भागेना की मी रविवारीही ड्युटी घेईन. मला माहितीये माझा स्वभाव. तूही रात्रंदिवस मशीनवर. मग त्या खुर्चीत बसून काय करू? दमायचं काही वाटत नाही गं. पण दमून कुठंतरी जाऊन बसायला जागा पाहिजे."

"आणि गुडघे?"

"ते दुखतीलच."

तिनं शिडाचं दुसरं टोक धरलं, एवढंच मी बघितलं.

सोमवारी त्यानं फोन करून नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "तिकडचं भाडं परवडत नाही." आणि दुपारी कुठल्याशा आठ मजली दवाखान्याची लिफ्ट अडकली म्हणून पिशवी उचलून गेला.

पुढचे दोन दिवस समोरच्या घरात फक्त शिलाई मशीनचा आवाज. मला वाटलं, गणवेशांची गर्दी असेल. तिसऱ्या दिवशी तो कामावर निघाला तेव्हा पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर जाड, दुहेरी शिवलेली गादी होती, जुन्या शिडाच्या कापडाची. बायको दारात उभी होती. अजून रागातच. "टेका आता गुडघे कुठंही," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी तो नेहमीच्या वळणावर थांबला. पिशवी खाली, हात भिंतीला. पांढरे गुडघे जिन्याच्या अंधारात उठून दिसत होते. मी कठड्यावरून वाकले.

"काय हो कप्तान, खुर्ची सोडलीत, पगार सोडलात! आता बिल्डिंगला मी काय सांगू?"

तो श्वास घेईपर्यंत मी थांबले.

"सांगा, बंगला घेतला म्हणावं. चौदा फुटांचा. जिना नाही त्याला."