डिकीतला ठेका

शेवटचा स्क्रू फिरत नव्हता.

संजू अर्धा डिकीत शिरलेला. मी मोबाइलचा टॉर्च धरून बाहेर उभी. भर दुपार होती, पण आत अंधार.

"आक्का, हात हलवू नको गं."

"मी नाही हलत. तूच हलतोयस."

निघाला एकदाचा. सबवूफरचा लाकडी डबा, काळ्या कापडात मढवलेला. दोघांनी उचलून कट्ट्यावर ठेवला. किती जड होता ते मी विसरले होते.

काल आप्पांना जाऊन वर्ष झालं.

वर्ष होईपर्यंत वडिलांची कुठलीच वस्तू घराबाहेर द्यायची नाही, असं आईनं बजावलं होतं. वर्षश्राद्धाची जेवणं झाली आणि आम्ही भाऊबहीण डिकीपाशी आलो. गाडी हिंडलग्याच्या एका माणसाला द्यायची ठरली होती. त्याला भाजीच्या क्रेटसाठी डिकी मोकळी हवी होती.

आप्पांनी शहापुरात आयुष्यभर पॉवरलूम चालवला. साड्या दुकानांत गेल्या. आवाज त्यांच्या कानांत राहिला, आणि शेवटी कानच गेले.

कानातलं मशीन आणलं होतं. दोन दिवस घातलं.

"ह्यात सगळंच मागावानी वाजतंय," म्हणाले आणि काढून ठेवलं.

गुरुवारी देवळात भजन असायचं. आप्पा टाळ वाजवायचे. एका गुरुवारी सगळे थांबले आणि आप्पांचे टाळ चालूच राहिले. लोक हसले. आप्पाही हसले.

पुढच्या गुरुवारी गेले नाहीत. त्यानंतर कधीच नाहीत.

सबवूफर, म्हणजे नुसता ठेका घुमवणारा स्पीकर, संजूनं आणला तो स्वतःच्या हौसेसाठी. गाडी गल्लीत शिरली की फळीवरची भांडी थरथरायची.

"वरात कुणाची रं?" शेजारच्या मालूआक्का दारातून ओरडायच्या.

आप्पांना फक्त थरथरणारी भांडी दिसायची.

"घरात माग कमी पडला व्हय तुला?"

एकदा निपाणीहून, आत्याकडून परत येत होतो. मागच्या सीटवर आई, आप्पा आणि मी. आईसाठी संजूनं आमच्या देवळातलंच भजन लावलं होतं, मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. संकेश्वरच्या पुढे त्याचं आरशात लक्ष गेलं.

आप्पांची बोटं गुडघ्यावर पडत होती. बरोबर पखवाजाच्या ठेक्यावर.

संजूनं गाडी बाजूला घेतली. मागे वळून, ओठ नीट हलवून विचारलं, "आप्पा, ऐकू येतंय?"

"न्हाय. पाठीला कळतंय."

संजूला तेवढं पुरलं नाही. ठेका पोचला तर शब्दही पोचतील, असं त्याच्या डोक्यात बसलं. पुढच्या दारांतले कंपनीचे स्पीकर काढून भारीतले बसवले. बारीक आवाजासाठी वर ट्विटर.

"अण्णा, स्पीकर बदलून कान बदलत न्हायत," दुकानदार म्हणाला.

"तुम्ही बसवा हो."

त्या संध्याकाळी गाडी दारात उभी केली. आप्पांना पुढे बसवलं. भजन लावलं. आई आणि मी काचेतून बघत होतो.

आप्पा गाऊ लागले. डोळे मिटून, मोठ्यानं. कितीतरी दिवसांनी.

संजूनं खांद्याला हात लावला. "आप्पा, शब्द यायलेत?"

"यायलेत की. लई स्वच्छ."

स्पीकरवर वेगळंच भजन चालू होतं.

ठेका तोच. शब्द दुसरे.

आईनं माझ्याकडे पाहिलं. कुणी हसलं नाही.

मग संजूनं टेपकडे हात नेला. मागचे स्पीकर सबवूफर बसवतानाच काढले होते. मागे उरला होता फक्त डिकीतला डबा. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन सगळा आवाज मागे घेतला. नवे स्पीकर गप्प झाले.

राहिला ठेका. आणि आप्पांचा आवाज.

ते सेटिंग तसंच राहिलं. गुरुवार आला की आप्पा टाळ घेऊन गाडीत जाऊन बसायचे.

"संजू, तुझं गाणं मेलं काय रं? नुसतं धपधप यायलंय."

"मालूआक्का, गाणारं माणूस आत बसलंय."

पुढचे स्पीकर गप्प आहेत हे आप्पांना माहीत होतं का? एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचा तळहात दारातल्या स्पीकरवर होता. माग नीट चालतोय का हे बघायला ते असाच हात ठेवायचे. मला पाहिलं आणि हात उचलला. चहा घेतला. मग पुन्हा गायला लागले.



मी हे संजूला कधी सांगितलं नाही. काल डबा निघाल्यावर सांगितलं. तो स्क्रू गोळा करत होता, करत राहिला.

"कळलं असणार," एवढंच म्हणाला.

डबा आम्ही मागाच्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवला. दुसरं काही सुचलं नाही. श्राद्धाची भांडी घासायची होती. संध्याकाळी हिंडलग्याचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. आई बाहेर आली नाही.

आप्पा, तुम्ही गायलात तेच भजन खरं. सुखात राहा.

आज सकाळी त्या माणसाचा फोन आला. संजूनं तो स्पीकरवर घेतला.

"अहो, टेप चालू दिसतोय, पण आवाजच न्हाय. बिघडलाय काय?"



"बिघडला न्हाय. सेटिंगमध्ये जावा. आवाज पुढं घ्या."

त्यानं घेतला असावा. फोनमधून गाणं आलं.

शब्द अन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.