पाण्यातले देव आणि काळा पडदा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाहीतर चहा संपवा आणि उठा!

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. आमच्या सुहासने भिसेगावात, आमच्याच पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरचा क्लास काढायचं ठरवलं. मुंबईच्या कुठल्याशा हापिसातला जुना कॉम्प्युटर टेंपोत घालून आणला. दसऱ्याचा मुहूर्त. शेलूपासून चौकपर्यंतच्या गावांतल्या मुलांना सांगून झालेलं. नोकरी शोधून थकलेला माझा लेक त्या आठवड्यात झोपेत हसायला लागला होता हो!

आदल्या दिवशी खंडेनवमी. विळी, कोयता, शिवणयंत्र, सगळ्यांची पूजा मी करते. मग या बिचाऱ्यानेच काय पाप केलंय? ओल्या फडक्याने त्याला छान आंघोळ घातली. पडद्याखाली एक इवलंसं दातेरी चाक होतं, खाचांत धूळ. तीही बोटाने चाक फिरवून फिरवून काढली. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ. नवरदेव दिसत होता अगदी!

दुपारी सुहासने बटण दाबलं. खालचा डबा गुरगुरला, दिवा लागला, आणि पडदा? ठार काळा!

त्याने वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या, पाठीत थापट्या मारल्या. काही नाही.

"आई, तू काही केलंस का?"

"मी? मी पूजा केली रे!"

यंत्र तसंच गुरगुरत ठेवून तो तोंड पाडून माहितगाराला फोन करायला स्टेशनाकडे गेला. तेवढ्यात शेजारच्या हिराबाई मीठ-मिरच्या घेऊन हजर. "नजर लागली वो काकू! येवढं धूड टेंपोतून उघडं आणलंत, समद्या आळीनं बघितलं." मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका नाही! हिराबाईंनी कपाळाला हात लावला. "केवढी ही नजर गं बाय!"

माझा धीर सुटला. घंगाळात पाणी भरलं, देव्हाऱ्यातले सगळे देव त्यात ठेवले आणि म्हटलं, लेकाच्या पडद्यावर काहीतरी उमटू दे, मगच तुम्हाला बाहेर काढीन.

दिवेलागणीला मी एकटीच त्या खोलीत बसून होते. बाहेर भाताचा ओला वास, दारातल्या प्राजक्ताच्या कळ्या उमलत होत्या. अंधार इतका हळू आला की कळलंच नाही. आणि त्या काळ्या पडद्यात, विहिरीच्या तळाशी काजवे शिरावेत तशी, हिरवी हिरवी अक्षरं! मला इंग्रजी कुठलं येतंय? पण डोळे भरून आले.

"हिराबाई, धावा!"

त्या धावल्या, पाठोपाठ अर्धी आळी. कुणीतरी बल्ब लावला. अक्षरं गायब! विझवला, पुन्हा हजर!

"दिवा नको रं! देवाला उजेड सोसत नाय!" हिराबाई ओरडल्या.

मग काय, अंधारातच टाळ्या वाजवत आरती. माझा सूर तर असा लागला म्हणता!

सुहास दारात येऊन थांबला. पुढे झाला, वाकला आणि ते चाक फिरवलं. पडदा लख्ख!

"आई, हे उजेडाचं चाक आहे. पुसताना पार मिटवून टाकलंस."

"असू दे. देवाने लिहिलंय काय ते वाच आधी."

"बटणांची पट्टी जोडलेली नाही, असं लिहिलंय. मीच उपसली होती मघाशी, खोचायची राहिली."

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी काकू, आपन यंत्राच्या तक्रारीला आरती केली?"

सगळे इतके हसले, सुहास तर सगळ्यांत जास्त. मी पेढे वाटले, आणि लेकाने नावं टाईप करून दाखवली ती बघत बसले, कितीतरी वेळ.

सकाळी दसरा. आमचे हे फुलांची परडी घेऊन देव्हाऱ्यापुढे पूजेला बसले आणि आतून हाक आली,

"अगं ए! इथेही पडदा काळाच आहे की! इथलं कुठलं चाक फिरवलंस?"

देव रात्रभर घंगाळात!